पाच स्वरांचा भूप

गाणं शिकायला बसलेल्या मुलाच्या वाट्याला पहिल्या काही रागांतच भूप येतो. सा, रे, ग, प, ध. सगळे शुद्ध, मध्यम-निषाद वर्ज्य. महिन्याभरात सरगम पाठ होते आणि राग आला असं वाटू लागतं. पण मैफलीत भूप मांडायचा म्हणजे मोठी जोखीम, कारण त्याचे शेजारी फार जवळ राहतात. हेच पाच स्वर देशकाराचे. धैवतावर जरा जास्त मुक्काम झाला, उत्तरांगात रमायला झालं, की भूप गेला. पंचमावरून गंधाराकडे उतरताना मींडेत तीव्र मध्यम चुटपुटता लागला की शुद्ध कल्याण डोकावतो. भूप गाणाऱ्याला सतत दोन दारं लोटून धरावी लागतात, आणि ते कष्ट ऐकणाऱ्याला जाणवू द्यायचे नसतात.

किशोरी आमोणकरांच्या भूपाच्या ध्वनिमुद्रिकेत ते जाणवत नाहीत. विलंबित ख्याल 'प्रथम धर ध्यान दिनेश', आणि मग 'सहेला रे'. विलंबितात ऐकावा तो गंधार. कधी रिषभावरून अलगद वर येऊन लागलेला, कधी पंचमावरून लांब मींडेनं उतरलेला, कधी षड्‌जावर परतता परतता नुसता स्पर्शिलेला. स्वर एकच, पण त्याचं वजन दर वेळी वेगळं. भूपाचा वादी गंधार हे पुस्तकात वाचलेलं असतं. वादी म्हणजे काय ते इथे कळतं. बाकीचे चार स्वर जणू त्याच्याचसाठी आलेले असतात.

अल्लादियाखाँसाहेबांचं जयपूर-अत्रौली घराणं अनवट रागांचं, लयीला घट्ट बांधलेल्या गुंतागुंतीच्या तानांचं. मोगूबाई कुर्डीकरांनी लेकीला तीच तालीम दिली. किशोरीताईंनी पुढे लय संथ केली, आलापीला ऐसपैस जागा दिली, आणि घराण्याची शिस्त सुटली असा आक्षेप जाणत्यांनीही घेतला. हा भूप ऐकताना मला तो आक्षेप पटत नाही. पाचच स्वर हाताशी असताना सगळा अर्थ दोन स्वरांमधल्या अंतरात आणि थांबण्यात असतो. ते थांबणं घाईत कसं ऐकू यावं? शिवाय द्रुतातल्या ताना ऐका. त्यांचा पेच, त्यांची आस, समेवर येण्याची ती अचूक ऐट अस्सल जयपूरची आहे.

म्हणूनच हे गाणं कामं उरकता उरकता ऐकू नये असं मला मनापासून वाटतं. कुकरच्या शिट्टीत तान टिकते, गंधारावरचा ठेहराव नाही टिकत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. दिवेलागणीनंतर अर्धा तास हात रिकामे ठेवून बसावं, एवढंच तो मागतो. दिवसभरात दुसऱ्या कुणाचं बोलणंही आपण इतकं पुरतं ऐकत नाही.

'सहेला रे'ची रचना स्वतः किशोरीताईंची. सोबत्याला घातलेली ती साद आहे: ये, मिळून गाऊ, सात सुरांची रहस्यं एकमेकांना सांगू, आणि आता भेटलो आहोत तर पुन्हा दुरावायला नको. शब्दांत सूर सात आहेत, गळ्यात मात्र पाचच. न आलेल्या मध्यम-निषादांची उणीव मला या बंदिशीत कधी भासलेली नाही. सोबत्याला घातलेली हाक ऐकणाऱ्यालाच येते, आणि द्रुताची लय चढू लागली की मांडीवर ताल कधी धरला गेला ते कळतही नाही.