दयेचे मोल : ‘अभंगांजली’ आणि ‘स्मृतिचित्रे’

कुंभकोणमच्या परिसरातील भजनांत मराठी अभंग गायिले जातात, आणि गाणाऱ्यांपैकी पुष्कळांची मातृभाषा तमिळ असते. तंजावरच्या मराठी राजवटीत (१६७६-१८५५) अभंग तेथे रुजला. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी दक्षिणेतील भजनाला जी पद्धती घालून दिली तीत त्यालाही स्थान मिळाले. शब्दार्थ न उमगताही त्यातील याचना उमगते. बोलणारा ‘मी’ चुकलेले लेकरू असतो आणि ऐकणारा देव माउली, एवढे नाते पुरेसे असते. भाषेची सीमा ओलांडलेल्या या अभंगाला नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) धर्माची सीमाही ओलांडावयास लावली.

१८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने ख्रिस्ताला माउली म्हटले. हा केवळ वारकरी साज आहे, असे म्हणणे सोपे आहे. मला ते अपुरे वाटते. बायबलच्या हिब्रूत दयेसाठी येणारा ‘रहमीम’ हा शब्द ‘रेहेम’शी, म्हणजे गर्भाशयाशी जोडलेला आहे. टिळकांची माउली परकी नाही. ती मूळ संकल्पनेच्या जवळ जाते.

तथापि ख्रिस्ती दया वात्सल्यापाशी थांबत नाही. तेथे अपराध नाहीसा होत नाही, कोणीतरी त्याचा भार आपल्यावर घेतो. क्रूसाचा अर्थ तो. हे मोल सांगावयास कथा लागते. म्हणूनच फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवी योजिली आणि आदामाच्या पतनाची कथाही सांगितली. टिळकही ‘ख्रिस्तायना’त ओवीकडे वळले, पण ते काव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. अभंगाला अशी ऐसपैस जागा नसते. त्यातील ‘मी’ क्षमा मागतो, ती मिळाल्याच्या आनंदात विरघळतो. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात हा धाकट्या मुलाचा स्वर आहे. परंतु तेथे थोरला भाऊही आहे. घर सांभाळून राहिलेला तो बापाच्या औदार्याने दुखावतो आणि अंगणातच उभा राहतो. आत गेला की नाही, हे दृष्टांत सांगत नाही. दयेचा खरा प्रश्न या अंगणात उभा आहे : ज्याच्यावर अन्याय झाला त्याने काय करावे?

‘अभंगांजली’ने न विचारलेला हा प्रश्न लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४-३६) घडतो. ज्या धर्मांतरातून टिळकांच्या आनंदगीतांचा उगम झाला, त्याच धर्मांतराने पत्नीच्या वाट्याला ताटातूट आणि लोकनिंदा आणली. न सांगता घर सोडून जाणारा नवरा तिला त्याआधीही ठाऊक होताच. १९०० मध्ये तिनेही बाप्तिस्मा घेतला. तोवर मनातले सोवळेओवळे गळून पडावयाचे होते, आणि त्या स्थित्यंतराची हकीकत हा ग्रंथाचा गाभा होय. धर्मशास्त्राची परिभाषा तीत जवळजवळ नाही. नवऱ्याचा विक्षिप्तपणा ती एकही तपशील न वगळता सांगते आणि हसते. या हसण्याला निव्वळ विनोदबुद्धी म्हणून गौरविण्याची आपल्या समीक्षेची सवय मला उथळ वाटते. येथे अपराधाची नोंद पुसलेली नाही. नोंद ठेवणारीने वसुली सोडून दिली आहे. ‘ख्रिस्तायन’ पुढे पूर्ण केले तेही लक्ष्मीबाईंनीच.