ठोके नेमके कोणाचे?

एडगर अ‍ॅलन पो यांची 'द टेल-टेल हार्ट' ही कथा जानेवारी १८४३मध्ये 'द पायोनियर' या मासिकात प्रसिद्ध झाली. खुनानंतर फळ्यांखालून मृताचे हृदय वाजू लागते, निवेदकाला ते सोसत नाही आणि तो गुन्हा कबूल करतो. म्हणून ही अपराधभावाची कथा, असे तिचे वाचन रूढ आहे. ते अपुरे वाटते. ठोके खुनाआधीही ऐकू आलेले असतात. आठव्या रात्री, म्हातारा जिवंत असताना, निवेदक ते ऐकतो आणि शेजाऱ्याला ऐकू जातील या धास्तीने झडप घालतो. शेवटच्या आवाजालाही घड्याळाची तीच उपमा आहे. जो आवाज कृत्याआधीपासून आहे, तो कृत्याचा पश्चात्ताप कसा असेल?

वेन बूथ यांनी १९६१मध्ये 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा दिल्यापासून या माणसाला वेडा ठरवून मोकळे होणे फारच सोपे झाले आहे. पण कंदील, दाराची फट, डोके आत घालायला लागलेला तास हे सगळे तो मोजून सांगतो. भरवसा ठेवता येत नाही तो त्याच्या निष्कर्षावर: इतकी सावधगिरी बाळगली, म्हणजे मी शहाणा.

म्हातारा अंधारात कण्हतो, तेव्हा हा आवाज आपल्या परिचयाचा आहे, कित्येक मध्यरात्री आपल्याच छातीतून निघालेला आहे, असे निवेदक सांगून जातो. भिंतीतल्या किड्यांची टिकटिक, जिला लोक मृत्यूची चाहूल मानत, ऐकत तोही रात्ररात्र जागलेला आहे. डोळ्याच्या चर्चेत समीक्षकांकडून हा तपशील अनेकदा निसटतो. गिधाडासारखा डोळा हे खुनाचे सांगितलेले कारण. स्वतःचीच भीती दुसऱ्याच्या छातीत ऐकू येणे हे न सांगितलेले. पहाटे चारला तीन पोलीस येऊन किंकाळीबद्दल विचारतात. तो म्हणतो, स्वप्नात मीच ओरडलो. कण्हण्याविषयीच्या त्या उद्गाराशेजारी ठेवली, तर ही थाप फारशी थाप उरत नाही.

कबुलीतही पश्चात्ताप दिसत नाही. पोलिसांना आवाज ऐकू येतो आहे, तरी ते हसत गप्पा मारताहेत, आपली थट्टा करताहेत, हे त्याला असह्य होते. हुशारीच्या कैफात प्रेतावरच खुर्ची मांडणाऱ्याचा अहंकार दुखावतो. म्हाताऱ्याविषयी कळवळ्याचा एक शब्दही त्या कबुलीत नाही. त्याला म्हाताऱ्याची कीव येते ती खुनाआधी, आणि तीही मनातल्या मनात हसत.