संकेतार्थाला शिक्षा

कायद्याचे कलम हेही अखेर गद्यच. आणि गद्य म्हटले की त्याची पारख करण्याचा हक्क आम्हां लिहिणाऱ्यांना पोहोचतो. युगांडाच्या 2011 सालच्या ‘कंप्युटर मिसयूज ॲक्ट’मधील 24 आणि 25 ही कलमे मी याच नजरेने वाचली. त्यांतल्या एकाने एका कवयित्रीला तुरुंग दाखवला आहे.

ही कवयित्री म्हणजे स्टेला न्यान्झी. 2018च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांच्या वाढदिवसानिमित्त त्यांनी फेसबुकवर एक कविता लिहिली. अभीष्टचिंतन कसले, निव्वळ तळतळाट! मुसेवेनींच्या दिवंगत मातेच्या देहाची ओंगळ वर्णने करीत, जन्माच्या वेळीच तुझा अंत झाला असता तर बरे होते, असा तिचा एकंदर सूर. नोव्हेंबरात त्यांना अटक झाली आणि 2019च्या ऑगस्टमध्ये कंपालाच्या दंडाधिकाऱ्यांनी 24व्या कलमाखाली 18 महिन्यांची सजा फर्मावली.

मला ही कविता रुचत नाही. सत्ताधीशाला झोडपायचे तर मेलेल्या आईची विटंबना कशाला? 1940नंतरच्या दशकात बुगांडातील चळवळ्यांनी इंग्रजी अमलाविरुद्ध उद्धटपणाचेच हत्यार केले होते, असा दाखला अभ्यासक देतात. असेल. आपल्याकडेही शिमग्याची बोंब आहेच. पण परंपरा दाखवल्याने कविता सुधारत नाही. तिच्यात संताप आहे, तो खराही आहे. मात्र तो एकाच प्रतिमेभोवती घुटमळतो आणि दहाव्या ओळीला वाचक बधिर होतो.

परंतु हा निवाडा माझ्यासारख्या वाचकाने द्यावयाचा. कलम 24 काय म्हणते? संगणकाचा उपयोग करून अश्लील ‘विनंती, सूचना किंवा प्रस्ताव’ करणे म्हणजे छळ. आता व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने येथे अडावे की नाही? विनंती आज्ञार्थात किंवा विध्यर्थात होते. न्यान्झींची क्रियापदे आहेत ती संकेतार्थातली: झाले असते तर! होऊन गेलेल्या जन्माबद्दल कोणी कोणाला काय सुचवणार? कलमात न बसणारी कविता कोंबून बसवली गेली, ती तिच्या ओंगळपणामुळे. किळस येणे हाच पुरावा झाला.

2020च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली खरी, पण अधिकारक्षेत्र आणि सदोष सुनावणी या मुद्द्यांवर. क्रियापदाचा अर्थ कोणी विचारला नाही.

कलम 25 त्याहून सैल होते. कोणाच्याही ‘शांतते’चा भंग करणारा संदेश वारंवार पाठवणे हा गुन्हा! शांतता कोणाची, आणि किती बिघडली म्हणजे बिघडली? न्यान्झी या आरोपातून सुटल्या होत्या; कादंबरीकार काकवेन्झा रुकिराबाशाइजा यांच्यावर मात्र 2022च्या जानेवारीत, राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे पुत्र यांच्याविषयी ट्विटरवर लिहिल्याबद्दल, याच कलमाचा बडगा आला. जानेवारी 2023मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ते कलम संदिग्ध म्हणून रद्दबातल ठरवले. आपल्याला यात परके काही नाही. 2012 साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली, तेव्हा आपल्या 66-अ कलमातही ‘त्रास’, ‘गैरसोय’ असेच ऐसपैस शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने ते 2015मध्ये रद्द केले.

मात्र 25वे कलम पडण्यापूर्वीच, 2022च्या ऑक्टोबरात, मुसेवेनींनी त्याच कायद्याच्या दुरुस्तीवर सही केली होती. तिच्यात ‘द्वेषबुद्धीने माहिती’ पसरवण्याचा नवा गुन्हा घातला गेला. म्हणजे आधी वाचकाची शांतता मोजायची होती, आता लेखकाची बुद्धी मोजायची. आणि मोजणारा तोच, ठाण्यावरचा अंमलदार.