चुकून म्हणजे नक्की काय?

समानार्थी शब्दांच्या कोशाला आपण उगाच दोष देतो. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ साली ‘थिसॉरस’ काढला, जवळच्या अर्थाचे शब्द शेजारी शेजारी बसवले. त्या शेजाऱ्यांतला फरक सांगणं हे आपलं काम नव्हे, हे त्याने प्रस्तावनेतच म्हटलंय. प्रस्तावना कोण वाचतो? आपण यादीतला भारदस्त शब्द उचलतो आणि चालू पडतो.

ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६च्या ‘अ प्ली फॉर एक्स्क्यूजेस’ या निबंधात गाढवांचं उदाहरण दिलंय. आपलं आणि शेजाऱ्याचं गाढव एकाच कुरणात चरतंय. आपण आपलं समजून गोळी घातली, मेलं शेजाऱ्याचं: हे ‘बाय मिस्टेक’. नेम आपल्याच गाढवावर होता, पण ऐन वेळी गाढवं हलली, शेजाऱ्याचं पडलं: हे ‘बाय अ‍ॅक्सिडेंट’. पहिल्यात आपली ओळखण्यात चूक झाली, दुसऱ्यात तीही नाही.

मराठीत आपलं दोन्हीकडे ‘चुकून’ भागतं. चुकून दुसऱ्याची छत्री नेली, चुकून धक्का लागला. मग इंग्रजीतही आपण धक्क्याला ‘बाय मिस्टेक’ म्हणून मोकळे होतो. ऐकणारा काय समजेल? धक्का मारायचाच होता, फक्त माणूस चुकला!