‘सानाक’ : भूमीवरील भाषाशिक्षणाची संहिता

कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविक हा इनुइट लोकांचा प्रदेश आहे. तेथील कांगिक्सुजुआक या वस्तीतील मितिआर्जुक नाप्पालुक (१९३१-२००७) यांची ‘सानाक’ ही इनुक्तितुत भाषेतील अगदी आरंभीची कादंबरी मानली जाते. तिच्या निर्मितीमागील प्रयोजन वाङ्मयीन नव्हते. १९५० च्या दशकात कॅथलिक मिशनऱ्यांना इनुक्तितुत शिकावयाची होती. त्यासाठी नित्य व्यवहारातील शक्य तितके शब्द ज्यांत येतील अशी वाक्ये लिहून द्यावीत, अशी विनंती त्यांनी या तरुण स्त्रीला केली. वाक्ये लिहिता लिहिता सानाक ही विधवा, तिची मुलगी कुमाक, बहीण अर्नातुइनाक आणि पुढे दुसरा नवरा कालिंगु अशी पात्रे उभी राहिली. पुढे मानववंशशास्त्रज्ञ बर्नार सालादँ दांग्ल्यूर यांच्या प्रोत्साहनाने हे लेखन पूर्ण झाले. मूळ संहिता १९८४ मध्ये, फ्रेंच अनुवाद २००२ मध्ये आणि इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये प्रकाशित झाला.

प्रचलित निकषांवर या कादंबरीत उणिवा सहज दाखविता येतात. अठ्ठेचाळीस प्रसंगांना बांधणारे सलग कथानक नाही. अवजारांची, कातड्यांची, खाद्यपदार्थांची नावे वारंवार येतात. पात्रांच्या अंतर्मनात लेखिका क्वचितच डोकावते. त्यामुळे तिच्याकडे वांशिक जीवनाचा दस्तऐवज म्हणून पाहण्याची प्रवृत्ती दिसते. हे वाचन अपुरे आहे. ज्याला नामावळी म्हटले जाते ती या संहितेची शिक्षणपद्धती आहे.

आरंभीचाच प्रसंग पाहता येईल. चटईसाठी ठेंगण्या झुडपांच्या फांद्या आणावयास निघालेली सानाक पाठीवरच्या पिशवीत ओझ्याचा पट्टा, ‘उलु’ म्हणजे अर्धवर्तुळाकार पात्याची बायकी सुरी आणि शिधा भरते. येथे कोणत्याही वस्तूची व्याख्या दिलेली नाही. वस्तू हाती येते, तिचे काम होते, आणि शब्द त्या कामासोबत वाचकाच्या मनात बसतो. कुमाकचे शिक्षणही असेच होते. ती मोठ्यांच्या मागे फिरते, पाहते, चुकते. मुलगा नसलेल्या घरातील थोरली मुलगी म्हणून स्वतः मितिआर्जुक शिवणकामाबरोबर शिकारही शिकल्या होत्या. कादंबरीत स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या कामांचा शब्दसंग्रह सारख्याच अधिकाराने येतो, त्याचे कारण बहुधा येथे सापडते.

बर्फाचे उदाहरण अधिक बोलके आहे. घर बांधण्यासाठी वाऱ्याने घट्ट झालेला, शक्यतो एकाच वादळात साचलेला थर लागतो. तो बारीक काठी खुपसून तपासला जातो. ‘पुकाक’ म्हणजे जमिनीलगतचे साखरेसारखे दाणेदार बर्फ. त्याच्या विटा पडत नाहीत. हा भेद कोशात दोन ओळींत सांगता येतो, परंतु काठी किती सहज आत गेली म्हणजे थर निरुपयोगी, हे हातालाच कळते. ज्येष्ठांसोबत तरुणांनी भूमीवर जाण्याचा आग्रह इनुइट समाजात धरला जातो, त्यामागे केवळ पूर्वजांविषयीचा हळवेपणा नाही.

उत्तरार्धात गोरे लोक, परस्परांशी स्पर्धा करणारे धर्मोपदेशक आणि शासन यांचा प्रवेश होतो. कालिंगुच्या मारहाणीत जखमी झालेल्या सानाकला उपचारांसाठी विमानाने दूर न्यावे लागते. पारंपरिक जीवनाला सोज्ज्वळ रूप देण्याचे लेखिकेने टाळले आहे, ही या कादंबरीची मोठी जमेची बाजू होय.

लिपीचाही उल्लेख येथे आवश्यक आहे. मूळ लेखन ज्या अक्षरलिपीत आहे तिच्यात एकच चिन्ह फिरविले की स्वर बदलतो. या लिपीचे मूळ जेम्स इव्हान्स यांनी १८४० मध्ये क्री भाषेसाठी केलेल्या लिपीत असून, तिच्या रचनेवर देवनागरीचाही प्रभाव असावा, असे काही अभ्यासक मानतात. इनुइटांमध्ये ती शाळेपेक्षा घराघरांतून पसरली.

मिशनऱ्यांसाठी आरंभिलेल्या या लेखनाची गरज आज इनुइटांच्याच नातवंडांना आहे. नुनाविकच्या शाळांत पहिल्या काही इयत्तांनंतर फ्रेंच किंवा इंग्रजी हे माध्यम होते. शेजारच्या नुनावुतमध्ये २००८ च्या शिक्षण कायद्याने सर्व इयत्तांसाठी द्विभाषिक शिक्षणाचे अभिवचन दिले आणि ज्येष्ठांना शाळेत शिकविण्यासाठी प्रमाणपत्र देण्याची सोयही केली. मात्र २०२० च्या दुरुस्तीने ही मुदत टप्प्याटप्प्याने २०३९ पर्यंत लांबविली. इनुइट भाषेत शिकविणाऱ्या शिक्षकांची टंचाई हे त्याचे प्रमुख कारण. वस्तीपूर्व काळात भूमीवर वाढलेल्या पिढीचे वय पाहता ही मुदतवाढ किरकोळ प्रशासकीय बाब ठरत नाही. प्रमाणपत्र मिळालेल्या आजोबांना तासिकेपुरते वर्गात बसविल्याने प्रश्न सुटेल, असेही दिसत नाही. स्नोमोबाइल, इंधन आणि नोकरीतून मिळणारी सवड यांवाचून तरुणांना त्यांच्यासोबत शिकारतळापर्यंत जाता येत नाही, आणि हा खर्च पाठ्यपुस्तकांच्या खर्चाइतकाच शैक्षणिक आहे.

मितिआर्जुक यांना या मर्यादेची जाण असावी. कातिविक शाळा मंडळासाठी अध्यापनसाहित्य तयार करण्यात आणि इनुक्तितुत शिकविण्यात त्यांनी अनेक वर्षे घालविली. अनुवादातून ‘सानाक’ वाचणाऱ्याला अपरिचित शब्दासाठी शब्दसूचीकडे वळावे लागते. कुमाकला तसे करावे लागत नाही. तिची आई काही पावलांवर असते.