रोमकरांस पत्र, अध्याय ८ : प्रीतीची शाश्वती आणि विलाप

पौलाने इ. स. ५७ च्या सुमारास रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट (वचने ३१ ते ३९) आश्वासनपर मानला जातो. मात्र हे आश्वासन दुःख वगळून दिलेले नाही. ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळे करणारा कोण, असे विचारून पौल क्लेश, छळ, उपासमार, तलवार अशी ७ संकटे मोजतो. लगेच तो स्तोत्र ४४ मधील वचन उद्धृत करतो. निष्ठा सोडली नसतानाही देवाने आपल्याला टाकले, अशी तक्रार करणाऱ्यांचे ते विलापगीत आहे. म्हणजे शंकेचा आवाज दडपला जात नाही. त्याला युक्तिवादातच जागा मिळते. शाश्वतीचा आधारही भक्ताच्या धीरात नसून, देवाने आपल्या पुत्राला दिले या घडून गेलेल्या कृतीत आहे.

एक प्रश्न उरतो. बाहेरचे काहीही वेगळे करू शकत नाही. पण माणूस स्वतःच दूर गेला तर? कॅल्विनच्या परंपरेनुसार खरा विश्वासणारा कायमचा ढळत नाही. वेस्लीच्या परंपरेनुसार तो ढळू शकतो. हा उतारा केवळ सांत्वनासाठी वाचला, तर त्यातला विलाप आणि हा प्रश्न दोन्ही निसटतात.