यात्रिकाची सोबत

जॉन बन्यनच्या रूपककथेचा १६७८ सालचा पहिला भाग हरि केशवजींनीं १८४१ मध्यें ‘यात्रिक क्रमण’ या नांवानें मराठींत आणिला. त्यांतील नायक बायकामुलांच्या हांका ऐकूं येऊं नयेत म्हणून कानांत बोटें घालून धांवत सुटतो. घरापासून बरोबर निघालेला एकच शेजारी, तोहि पहिल्याच चिखलांतून परततो. लोणंदच्या तळावर माउलींची पालखी पाहिलेल्या सातारा-सांगलीकडील वाचकांस हें प्रस्थान चमत्कारिकच वाटेल. वारीस निघणें म्हणजे दिंडींत शिरणें. त्या सोहळ्यास शिस्त लाविली तीहि साताऱ्याकडील आरफळच्या हैबतबाबांनीं.

१६८४ सालचा दुसरा भाग टीकाकार दुय्यम लेखितात. त्याची रचना सैल आहे खरी. पण आमचें मन तेथेंच रमतें. नायकाची पत्नी मुलांसह निघते, आणि शेजारची मर्सी तिला थोडी पोंचवावयास म्हणून येते ती पुढेंच जाते. हिला आमंत्रण नाहीं. दार उघडेल कीं नाहीं या भयानें ती बाहेर मूर्च्छित पडते, आणि आंत गेलेली मैत्रीण तिच्यासाठीं रदबदली करते. पहिल्या भागाच्या शेवटीं मात्र अज्ञान नांवाचा वाटसरू थेट वेशीवरून नरकांत लोटला जातो, आणि आंत पोंचलेले दोघे त्याच्याविषयीं अवाक्षरहि काढीत नाहींत.